घरटी एक लाकूड

आमच्या गावात कुणाकडे मयत झालं की त्या दारात आधी गाडी उभी राहायची. गाडी म्हणजे बैलगाडी, बैल न जुंपलेली, जू जमिनीला टेकवून ठेवलेली. मग घराघरातून एकेक माणूस खांद्यावर लाकूड घेऊन यायचा, ते गाडीत टाकायचा आणि काही न बोलता समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा. घरटी एक लाकूड. कुणी बोलवायला जायचं नाही, कुणी आठवण करायची नाही. बांधावरून ज्यांची कोर्टकचेरी चालू असेल तेही यायचे, तोंड दुसरीकडे फिरवून लाकूड टाकायचे. फक्त ज्या घरचं माणूस गेलं त्या घरचं लाकूड चालत नसे. त्यांनी माणूस दिलं, सरण गावानं द्यायचं, असं म्हातारे सांगायचे.

आमचं गाव कासारसाईच्या अलीकडचं, तेव्हा निव्वळ भाताचं. डोंगर जवळ असल्यामुळे लाकडाला तोटा नव्हता. पण देणारे हात सगळे सारखे नसतात. कुणी ऐनाचं आणायचा, कुणी जांभळाचं, कुणी बांधावरच्या वठलेल्या आंब्याचं. आमच्या वरच्या आळीतलं एक घर दर मयताला शेवग्याचं लाकूड टाकायचं. शेवगा म्हणजे नुसता भुसा, पेटतो कमी आणि धुरकटतोच जास्त. दारात बसलेल्या बायका रडता रडता गाडीकडे एक डोळा ठेवून असायच्या आणि त्या घरचा माणूस दिसला की पदराआडून एकमेकींना म्हणायच्या, "आला गं शेवगा." मी लहानपणी मयतात एकदाच हसलो, ते यामुळे. आईनं चिमटा काढला तो अजून आठवतो.

या सगळ्यात एक लाकूड आत्याचं असायचं.

आत्या माझी सख्खी नव्हती, ती सगळ्या गावाची आत्या. गावची लेक. लग्न करून पौडच्या पलीकडे दिलेली, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही. ती भावाकडे परत आली आणि त्याच्या घरामागच्या एका खोलीत राहू लागली. भावाच्या ताटात जेवायला तिनं पहिल्याच आठवड्यात नकार दिला आणि स्वतःची चूल मांडली. त्यामुळे भावाच्या घरचं एक लाकूड गाडीत पडलं तरी ती स्वतःचं वेगळं आणायची. जाणती माणसं म्हणायची, आत्या, तू एकटी बाईमाणूस, तुझं कशाला? त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "माझी चूल येगळी, म्हंजी माझं घर येगळं. घरटी म्हनता नव्हं?"

तिचं लाकूड कधी हलकं नसायचं. डोंगरातून मोळीबरोबर स्वतः वाहून आणलेलं जाडजूड जांभूळ किंवा ऐन. एकदा तिला ते उचलून गाडीच्या साटीवर, म्हणजे वरच्या फळ्यांवर, टाकता येईना म्हणून मी हात लावला. मी तेव्हा नुकता कंपनीत लागलो होतो, अंगात जोर होता आणि तोंडही जरा सैल होतं. म्हटलं, "आत्या, येवढं भारी कशाला? बारकं टाकलं तर काय मयत उठून बसनार हाय?"

ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "मला मागं रडाय कुनी न्हाई रं. पोर न्हाई, बाळ न्हाई. पर माझी गाडी भरली पायजे. कुटल्या घरात मी टाकलं न्हाई, सांग बरं?"

असं एकही घर नव्हतं. तिनं आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली मी ऐकलेली ही एकच गोष्ट. जाताना आपल्यासाठी प्रत्येक घरातून एक लाकूड यावं.

माझे वडील आषाढात गेले. मुळशीतला आषाढ ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. आमची जाळायची जागा ओढ्याकाठी, उघडी. गाडीभर लाकूड आलं, पण सगळं ओलंचिंब. बायकांनी खताच्या पिशव्यांत गुंडाळून शेण्या, गोवऱ्या पाठवल्या होत्या, त्या तेवढ्या कोरड्या. चार माणसं सरणावर पत्रा धरून चहूबाजूंनी उभी राहिली. डिझेल ओतलं, पेटलं, विझलं. पुन्हा ओतलं. शेवटी कुणीतरी रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणले. माझ्या बापाच्या देहाला टायरच्या धुराचा वास लागला. अंधार पडला तरी आम्ही तिथंच होतो, आणि आलेले पाहुणे भिजत, माझ्याकडे न बघता उभे होते. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की गावाला शेड आणायची. पंचायतीत निवडून आलो ते त्या एका मुद्द्यावर. मग पुढची काही वर्षं हेलपाटे. आधी जागेवरून भांडण, कारण स्मशानाच्या शेजारी आपलं शेत आलं तर भाव पडेल अशी प्रत्येकाला भीती. मग मंजुरी, मग मंजुरी देणारा साहेब बदलला म्हणून पुन्हा मंजुरी. मी भांडलो, पाया पडलो, दोनदा जेवणावळ घातली. शेवटी काम निघालं आणि गावानं असं श्रमदान केलं की बघत राहावं. ओढ्यातले दगड माणसांची साखळी करून वर चढवले. आत्या म्हातारी झाली होती, तरी घमेलं घेऊन रांगेत उभी होती. मी तिला सावलीत बसायला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या जागंचं काम हाय, मी का बसू?"

शेड झकास झाली. उंच पत्रा, चौथरा, लोखंडी चौकट, बसायला बाक, हातपाय धुवायला नळ. बाजूला शटरची एक खोली, लाकूड कोरडं ठेवायला. ग्रामसभेत मीच उभा राहून सांगितलं की आता लाकडाची व्यवस्था पंचायत करील, कुणी घरून आणायची गरज नाही. तोवर बहुतेक घरात गॅस आला होता. डोंगराला तारेचं कुंपण पडलं होतं, सरपणाला जायची वाट बंद झाली होती, मयत झालं की लोकांची लाकडासाठी धावपळ व्हायची. सगळ्यांनी हात वर केले. मागून कुणीतरी मोठ्यानं "सुटलो" म्हणालं आणि सभा हसली. मीही हसलो. मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात दोन मयतं झाली, दोन्ही वेळा सरण पहिल्या काडीत पेटलं. शेड आणल्याचा मला आजही पस्तावा नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी आत्या माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही, पायरीवरच बसली.

"म्हंजी आता गाडी उबी न्हाई ऱ्हायाची?"

"गाडी कशाला आत्या? लाकूड तितंच भरून ठेवलंय. कोरडं. पाऊस असू दे न्हाईतर वादळ."

"आन मी टाकलेली लाकडं?"

मी हसण्यावारी नेणार होतो, पण तिचा चेहरा बघून हसू आलं नाही. म्हातारी खरोखर घाबरली होती. तिनं गावात जे घालून ठेवलं होतं ते मी एका ठरावानं बुडवलं, असं तिला वाटत होतं. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "आत्या, तुझ्या टायमाला मी सोता गाडी उबी करीन. घरटी एक लाकूड घेऊन येतो का न्हाई बघ."

"शबूद?"

"शबूद."

ती उठली, चप्पल घातली आणि गेली. नंतर जिथं भेटेल तिथं, अगदी दळणाच्या रांगेतसुद्धा, मान हलवून विचारायची, "ध्यानात हाय नव्हं?" मी म्हणायचो, हाय. आणि मला खात्री होती. गाव काय कुठं पळून जातंय?

गाव पळालं नाही, पण त्याच्या अंगावर दुसरंच गाव उगवलं. आधी रस्त्याकडेची भातखाचरं गेली, मग मधली. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना राहायला खोल्या हव्या होत्या आणि आमच्याकडे जागा होती, तेव्हा ज्यानं त्यानं घर पाडून तीन मजले चढवले. मीही चढवले. कशाला खोटं बोलू? शेतात कंबर मोडण्यापेक्षा वर भाडेकरू असलेले बरे. बांध गेले तशी बांधावरची झाडं गेली. गावातली शेवटची बैलगाडी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं नेली, तिला लाल-पिवळा रंग दिला आणि साटीत फुलांच्या कुंड्या ठेवल्या. लोक जेवण झाल्यावर तिच्यात बसून फोटो काढतात. मयताची बातमी आता मोबाइलच्या ग्रुपवर येते. खाली हात जोडलेली चित्रं पडतात, वेळ कळते, माणसं दुचाकीवर थेट शेडमध्ये येतात आणि उरकलं की तशीच ड्युटीवर जातात. कुणाला दोष देण्यासारखं त्यात काहीच नाही.

आत्याचा भाऊ गेला, पुतण्यानं जुनं घर पाडून इमारत बांधली. तो मुलगा चांगला. त्यानं आत्याला तळमजल्यावर खोली दिली, आत संडास-बाथरूम, खाली फरशी. फक्त चूल राहिली नाही, गॅसला ती भ्यायची, म्हणून डबा पुतण्याकडून येऊ लागला. शेजारच्या खोलीत लातूरकडचं एक जोडपं भाड्यानं आलं. नवरा कंपनीत जायचा, ती घरूनच लॅपटॉपवर काम करायची. आत्या दुपारभर तिच्या दारात बसून असायची. मी येता जाता पाहायचो, ही बोलतेय आणि ती कानाला हेडफोन लावून काम करता करता ऐकतेय.

आत्या मार्गशीर्षात गेली. सकाळी पुतण्या चहा घेऊन गेला तेव्हा ती झोपेतच गेलेली होती. आकाश निळंशार, पावसाचा मागमूस नाही. माझ्या शेडच्या पत्र्याची त्या दिवशी गरजसुद्धा नव्हती.

पुतण्याचा फोन आला, दुपारच्या आत उरकू म्हणाला. मी म्हटलं, जरा थांब, माझं एक काम हाय. दूधवाल्या मित्राची पिकअप मागून घेतली. गाडी उभी करायची तर ती आत्याच्या दारात, पण आता लाकूड आपण होऊन येणार नव्हतं, तेव्हा मीच घरोघर जाऊन गोळा करायचं ठरवलं. सुरुवात अर्थातच माझ्या घरापासून.

माझ्या घरात लाकूड नव्हतं.

मी गच्चीवर बघितलं, जिन्याखाली बघितलं, मागच्या बोळात बघितलं. बायको म्हणाली, "चूल मोडून किती वर्सं झाली, आन तुमी लाकूड हुडकताय?" पलंग लोखंडी, कपाट लोखंडी, दारं प्लायची, खुर्च्या प्लास्टिकच्या. लाकडाचा म्हणावा असा फक्त देव्हारा. शेवटी माळ्यावर जुनी कुऱ्हाड सापडली. मी तिचं पातं ठोकून काढलं आणि बाभळीचा दांडा पिकअपमध्ये ठेवला. एवढ्या मोठ्या गाडीत तो दांडा इकडून तिकडे गडगडत होता, वळणावळणावर मला ऐकू येत होता.

पुढच्या घरी कुलूप, ड्युटीवर. त्याच्या पुढच्या घरी सून एकटी, तिनं बराच विचार करून मुलाची मोडकी बॅट आणून दिली. एकानं बांधकामातली फळी दिली, तिच्यावर सिमेंटचे थर. एक म्हणाला, काका, लाकूड कुटं मिळायचं, त्यापरीस फुलांचा मोठा हार माझ्याकडून लावा. दोघातिघांना तर मी काय मागतोय तेच कळेना, आणि ती पोरं माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली. वरच्या आळीतल्या त्या घरासमोर गेलो तर म्हाताऱ्याचा नातू आत गेला आणि शेवग्याची फांदी घेऊन आला. सगळ्या आळीत झाड राहिलं होतं ते त्यांचंच. मी फांदी दोन्ही हातांनी घेतली. हसायला तिथं कुणीच नव्हतं.

आमच्याच खाचरांवर उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या फाटकाशीही गेलो. आत आमच्यातली दोन घरं राहायला गेलीत, जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळालेली. वॉचमननं पिकअपमध्ये डोकावून बघितलं. फळी, बॅट, फांदी. मला म्हणाला, "भंगारवाले को अंदर मना है." माझा पारा चढला. मी त्याला माझ्या हिंदीत सांगायला लागलो की बाबा, ही जमीन कुणाची, मी कोण, हे लाकूड कशासाठी. तो ऐकून घेत होता बिचारा, बिहारकडचा पोरगा, मग म्हणाला, "साहब, किसका फ्लॅट नंबर?" मला नंबर माहीत नव्हता. ज्यांच्या ओट्यावर मी लहानपणी जेवलो त्यांचा नंबर मला माहीत नव्हता. मी पिकअप वळवली.

तेवढ्यात पुतण्याचा फोन. "काका, पाव्हनं खोळंबल्यात. सरण रचून झालंय. शेडच्या खोलीत लाकूड रग्गड हाय, तुमी कशाला फिरताय?"

त्याचं बरोबर होतं. "आलोच" म्हणून मी फोन ठेवला.

मी त्याच्या इमारतीशी आलो तेव्हा आत्याला बाहेर घेतलं होतं, बायका पाया पडत होत्या. पिकअप बघून लातूरची ती मुलगी पुढे आली. रडून डोळे सुजलेले. तिच्या हातात पोळपाट होतं, लाकडी, रोजच्या वापरानं मध्ये खोलगट झालेलं.

"काका, आजी सांगायच्या, घरटी एक लाकूड. आमच्याकडं लाकडाचं एवढंच आहे." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आमची खोली पण घरच धरतात ना?"

मी म्हणालो, "धरत्यात." आणि पोळपाट घेतलं.

शेडमध्ये सरण तयार होतं, नीट, सरळ, सारख्या मापाच्या ओंडक्यांचं. सिमेंट लागलेली फळी आणि बॅट कुणी लावू देईना, बॅटला रंग होता. दांडा, शेवगा आणि पोळपाट मी बाजूनं आत सरकवलं. पुतण्यानं अग्नी दिला. पहिल्या काडीत पेटलं. मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांतला एकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोय मात्र लई झ्याक केलीया तुमी. आमच्या गावात अजून उघड्यावरच हाय." मला तिथं हुंदका फुटला. एवढ्या पिकल्या वयाच्या म्हातारीसाठी हा का रडतोय, असं त्याला वाटलं असेल. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. आयुष्यभर तिनं डोंगरातून भारी लाकडं वाहून आणली, आणि मी गावभर फिरून तिच्यासाठी मूठभर काटक्यांपलीकडे काही गोळा करू शकलो नाही. ज्याच्या भरवशावर मी शब्द दिला होता ते गाव मी तिच्या आधीच घालवून बसलो होतो, आणि मला ते त्या सकाळपर्यंत कळलं नव्हतं.

दहावा झाल्यावर बायकोनं नवं पोळपाट आणलं आणि मला त्या मुलीकडे द्यायला पाठवलं. इतके दिवस ती ओट्यावरच पोळ्या लाटत होती. मी दारात उभा होतो तेव्हा आतून कुणीतरी खोकलं. ती म्हणाली, सासूबाईंना गावाकडून इथं आणलंय, तब्येत बरी नसते, आता इथंच राहतील. आत्याच्या रिकाम्या खोलीसाठी पुतण्याशी बोलणं चाललं होतं.

मी जायला निघालो तशी ती पायरीपर्यंत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "काका, एक विचारू? आमचं इथं कुणीच नाही. उद्या आईंचं काही झालं, तर गाव येतं का हो लाकूड घेऊन?"

तिचा चेहरा मला सहन होईना. मी चपलेकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं.

"शेड हाय ना," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली, आणि पोळपाट घेऊन आत गेली.